रिकाम्या खळग्यातला जांभळा रंग

यकृतबाई भेटायच्या आधी मला त्यांची सही भेटली. मोठी, फर्राटेदार सही. शेवटच्या अक्षराची शेपटी अशी उडवलेली, की कागदालाच दम भरलाय असं वाटावं. एका टॉनिकच्या खोक्यातल्या पत्रकावर ती छापली होती आणि तिच्या वर लिहिलं होतं, 'मानवी यकृताच्या पेशींवर प्रयोगशाळेत तपासलेले. सुरक्षित.'

खोकं आमच्या वहिनीचं. वहिनी हे टॉनिक चरबी उतरावी म्हणून घ्यायची. चरबी किती उतरली ते तिचं तिला ठाऊक, डोळे मात्र पिवळे झाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, लिव्हरला सूज आहे, नको ते सगळं बंद करा. वहिनीने चहा बंद केला, तळलेलं बंद केलं, माझ्या भावाशी बोलणं बंद केलं. टॉनिक तेवढं चालू ठेवलं. लिव्हरवर तपासलेली घरात तीच एक वस्तू होती, तेव्हा लिव्हर बरं व्हायला तीच लागणार, असा तिचा सरळ हिशोब.

मी समजावायला गेले तर म्हणाली, "पुढारीणबाई, तुम्हाला नळाच्या पाण्यातही कट दिसतो." नळाच्या पाण्यात कट होताच, तो मी सिद्ध केला होता, पण ते असो. नणंदेच्या शब्दाला घरात काय भाव असतो ते ज्या नणंदा आहेत त्यांना सांगायला नको. बाईचे डोळे दिवसेंदिवस हळदीसारखे होत होते आणि ती चमचा मोजून टॉनिक पीत होती. तिच्या हातातली बाटली सुटायची तर ती त्या सहीनेच सुटणार होती. म्हणून मी सही शोधायला निघाले.

पत्रकावर पत्ता दिलेली ती लॅब गावाबाहेरच्या रस्त्यावर, टायरच्या गोदामाला चिकटून. सोबत शेजारच्या दोघी होत्या आणि तिसरी अशी, की कुठेही बोर्ड धरायचा असला की हजर, विषय कुठला का असेना. बोर्डवर मी लिहिलं होतं, 'पेशी मेल्या, सही जिवंत!' घोषणा चांगली होती. आजही म्हणते, चांगली होती.

थोड्या वेळाने आतून एक ठेंगणी बाई आली. पांढऱ्या कोटावर गुलाबी डाग, पायात रबरी चपला, केस असे करकचून बांधलेले की भुवयाही वर ओढल्यात असं वाटावं. तिने बोर्ड शांतपणे दोनदा वाचला.

"चुकलंय," ती म्हणाली. "पेशी मेल्या नाहीत, असाच तर माझा रिपोर्ट आहे. शिव्या घालायला यायचं तर आधी वाचून तरी यावं माणसाने."

माझं पित्तच खवळलं. विकली गेलेली माणसं काय लिहितात ते वाचायची मला गरज नाही, असं काहीसं मी बोलले. खरं तर याहून बरंच जास्त बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शिक्षण किती. मी म्हटलं, शाळा सोडली नववीत, त्यानंतर मिळेल ते स्वतः वाचलं, कायदासुद्धा. मला वाटलं आता नाक मुरडणार.

"मग आत या," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा. आणि मास्क लावा. तुमच्या तोंडातून काय काय उडतं ते आत्ताच बघितलंय मी."

अशी आमची ओळख.

आत त्यांचं राज्य होतं. फ्रिजएवढं एक कपाट, पण गार नव्हे, ऊबदार. बरोबर माणसाच्या अंगाएवढं ऊन. त्यात चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या, प्रत्येकीत गुलाबी पाणी. मला वाटलं होतं लिव्हर म्हणजे खाटकाच्या दुकानात लटकतं तसं काहीतरी दिसेल. सूक्ष्मदर्शकातून दिसले ते डबक्यावर शेवाळ धरावं तसे पुंजके. फार वर्षांपूर्वीच्या कुणा रुग्णाच्या लिव्हरमधल्या गाठीतून या पेशी काढल्या होत्या. तो बिचारा कधीच गेला. गाठीच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या आणि बाटलीतून बाटलीत जगभर पसरल्या. ज्याने त्या दिल्या त्याचं नावही इथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या लिव्हरला रोज सकाळी ताजं खाणं मिळत होतं.

खाणं घालायच्या या यकृतबाई. हे नाव लॅबमधल्यांनी चेष्टेने ठेवलेलं. बाईंनी ते पदवीसारखं स्वीकारलं आणि चहाच्या मगावर स्वतःच्या हाताने रंगवून घेतलं. काचसामान धुणारी बाई मला पुढे एकेक किस्से सांगायची. सख्खी बहीण बाळंत होत होती तेव्हा या 'पेशींचं पाणी बदलून येते' म्हणून दवाखान्यातून निघाल्या आणि परतल्या तोवर भाचा रडून झोपला होता. यांच्या नवऱ्याचं चपलांचं दुकान. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "मला ताप आला तर म्हणते गोळी घे. तिकडे कपाट अर्धा अंश चढलं तर ताटावरून उठून पळते." त्याचा आवाज तक्रारीचा, पण सांगताना छाती जरा पुढे. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. कुठल्याही दुकानात गेले की आधी रिकामं पारडं बघायचे, मग सामान मागायचे. सगळे दुकानदार त्यांना वैतागलेले. नाकासमोर चालायचा आणि लोकांच्या नाकावर टिच्चून बोलायचा गुण बाईंनी तिथूनच उचलला.

तर त्या दिवशी बाईंनी मला त्यांची परीक्षा समजावली. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला शहाण्णव छोटे खळगे. खळग्यांत पेशी वाढवायच्या, वरून तपासायचं औषध घालायचं, एक दिवस ठेवायचं. मग एक पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो पिवळा रंग जांभळा करते, मेलेली पेशी काही करत नाही. जांभळं जितकं गडद तितक्या पेशी जिवंत. मशीन गडदपणा मोजतं, बाई सही करतात. टॉनिकच्या प्लेटला झकास जांभळा आला होता, नुसत्या पाण्याच्या प्लेटपेक्षाही किंचित जास्तच.

मी म्हटलं, टॉनिक डांबरासारखं काळं. तुमचं मशीन रंग मोजतं. माझी आई दुधाचा रंग बघून त्यातलं पाणी ओळखायची, आणि दूधवालाही तिच्यासारखाच हुशार होता.

बाईंना हे लागलं. टॉनिकचा स्वतःचा रंग मशीन आधी वजा करतं, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तरी मी मान हलवेना. तेव्हा रागारागाने त्यांनी नवी कोरी प्लेट पाकिटातून काढली. एका रांगेत गुलाबी पाणी, दुसरीत तेच पाणी आणि त्यात माझ्या पिशवीतलं वहिनीचं टॉनिक, थेंबभर. दोन्हींत पिवळा रंग.

"पेशी कुठायत?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी माझ्या पेशी वाया नाही घालवणार," त्या म्हणाल्या. "बघा आता. पेशी नाहीत म्हणजे दोन्ही रांगा पिवळ्याच राहणार. मग तुम्ही तुमचा बोर्ड घेऊन घरी जाणार."

प्लेट कपाटात गेली. आम्ही चहा प्यायलो, म्हणजे भांडलो, मध्ये मध्ये चहा होता. बाहेरच्या तिघी कंटाळून घरी गेल्या. मग बाईंनी घड्याळ बघितलं, प्लेट काढली आणि उजेडाकडे धरली.

पाण्याची रांग पिवळी होती. टॉनिकची रांग गडद जांभळी.

एकही पेशी नसलेल्या खळग्यात भरभरून जीव दिसत होता. बाहेर कुलूप आणि आत टीव्ही मोठ्याने लागलेला, असं काहीतरी.

बाईंनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. "हात लावलात का?" मी दोन्ही हात वर केले. त्यांनी रंगाची बाटली बदलली, पाणी बदललं, पुन्हा प्लेट लावली. पुन्हा जांभळी. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मास्कच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसत होते आणि मी गप्प होते. मी गप्प होते हे आमच्या घरी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

"बाबा असते तर आधी रिकामं पारडं..." बाई एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

घोळ असा होता. टॉनिकमधल्या झाडपाल्यात असं काही होतं, की ते पेशीच्या मदतीशिवायच पिवळ्याचं जांभळं करत होतं. रंग टाकायच्या आधी टॉनिक धुऊन काढलं असतं तर हे झालंच नसतं. पण न धुण्याचा नियम बाईंनी स्वतःच घातलेला. धुताना अर्धमेल्या पेशी वाहून जातात आणि आकडे नाचतात, आणि नाचणारे आकडे बाईंना खपत नसत. इतकी वर्षं या लॅबमध्ये तपासायला यायचं ते सलाईनच्या नळ्यांचं प्लास्टिक, दातांच्या टोप्यांचा धातू. त्यांना रंगाशी काही देणंघेणं नसतं, तेव्हा धुतलं काय, न धुतलं काय. रिकाम्या खळग्यांची रांगही जागा अडवते म्हणून केव्हाच गळली होती. बाईंचे आकडे आज, उद्या, परवा एकसारखे येत. दुसऱ्या लॅबवाले ते बघायला यायचे. बाईंना त्याचा केवढा तोरा!

एकसारखे येतात म्हणजे खरे, असं त्यांना वाटत आलं. माझा भाऊही दुकानातून रोज फोनवर 'निघालोच' म्हणतो. रोज त्याच वेळी, त्याच ठाम आवाजात. एका दिवसाचा फरक नाही.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, म्हणजे टॉनिक विषारी. बाई म्हणाल्या, तसं मी कुठे म्हटलं? आता नीट धुऊन, रिकामी रांग लावून पुन्हा बघावं लागेल. त्यांनी पुन्हा सगळं लावलं. मी रोज फोन करायची आणि त्या रोज तो आपटायच्या. शेवटी एक दिवस स्वतःहून बोलावलं. टॉनिक दाट होतं त्या खळग्यांत पेशी मेल्या होत्या. मी तिथूनच पेंटरला फोन लावला, मोठा बॅनर सांगितला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "टॉनिकमध्ये साखरेचा पाक आहे. म्हणून मी शेजारी नुसता तेवढाच दाट पाक लावला होता. त्यातही मेल्या. आता साखरेवर मोर्चा काढणार का?"

पातळ टॉनिकमध्ये एकदा बऱ्याच जगल्या, एकदा बऱ्याच मेल्या. आकडे नाचत होते. शिवाय बाईंनी आणखी एक सांगितलं, जे पत्रकावर कधीच छापलं नव्हतं. बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या या पेशी लिव्हरचं अर्धंअधिक काम विसरल्यात. खरं लिव्हर पोटातून आलेली वस्तू मोडतं, आणि कधी कधी साध्याशा वस्तूचं मोडून भलतंच जहाल काहीतरी बनवून ठेवतं. यांना ते फारसं जमत नाही. म्हणजे इथे पेशी वाचल्या तरी वहिनीचं लिव्हर वाचेलच असं नाही, आणि मेल्या तरी बिघडेलच असं नाही.

"मग इथे तुम्ही करता काय दिवसभर?" मी ओरडले.

बाईंनी मगावरचं स्वतःचं नाव बघितलं. "चाळते," त्या म्हणाल्या. "ही चाळणी आहे. निवाडा द्यायला बसवलेली नाही हिला. पण सही मी निवाडा दिल्यासारखी केली."

त्या सहीबद्दल मी औषधांच्या परवाना कार्यालयात तक्रार टाकलीच होती. सुनावणी लागली. लॅबच्या साहेबांनी बाईंना बोलावून त्या दिवशी आजारी पडायला सांगितलं. एक रिपोर्ट मागे घेतला तर उद्या लोक बाकीचेही उकरतील, आणि मग त्या खोलीचा चार्ज हाताखालच्या धाकट्या बाईंकडे द्यावा लागेल, असं गोड बोलून सुचवलं. काच धुणारी सांगत होती, बाईंनी दार इतक्या जोरात लावलं की तिच्या हातातली बरणी सुटली.

मीही माझ्या परीने त्यांना तयार करत होते. फक्त एक शब्द बोला, म्हटलं, 'विषारी'. वहिनी ऐकायला येणार आहे. तुम्ही विषारी म्हणालात तर ती तिथल्या तिथे बाटली टाकेल. बाई म्हणाल्या, मला माहीत नसलेलं मी एकदा लिहून बसलेय, आता माहीत नसलेलं दुसरं बोलायला लावताय? मी म्हटलं, तिकडे एक बाई पिवळी पडतेय आणि तुम्हाला शब्दांची पडलीय. त्या म्हणाल्या, शब्दानेच ती पिवळी पडलीय. आम्ही एकमेकींचं तोंड न बघता घरी गेलो.

सुनावणीची खोली लांबट, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं. अधिकारी जांभया दाबत होते. टॉनिकवाला इस्त्रीच्या कपड्यांत आलेला, समोर येईल त्या बाईला 'ताई' म्हणत. वहिनीही आली होती, माझ्या नव्हे, त्याच्या बाजूच्या खुर्चीवर. पर्समध्ये बाटली, डोळे पिवळे, चेहऱ्यावर नणंद कशी तोंडावर पडते ते बघायचा उत्साह.

टॉनिकवाल्याने रिपोर्ट नाचवला. म्हणाला, ज्या मॅडमनी तपासलं त्या स्वतःच इथे आल्यात, विचारा त्यांनाच. त्याला वाटत होतं साहेबांनी सगळं जमवलंय. बाई उभ्या राहिल्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, टॉनिक लिव्हरला घातक आहे का.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. टॉनिकवाला हसला आणि वहिनीने माझ्याकडे विजयाने बघितलं.

"म्हणजे सुरक्षित आहे," अधिकारी लिहायला लागले.

"तेही माहीत नाही."

"बाई, मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?"

"एवढंच, की माझी परीक्षा चुकीची होती. पेशी नसलेल्या खळग्यातही ती पेशी जिवंत दाखवते. 'सुरक्षित' हा शब्द माझा होता. तो मी परत घेते."

त्यांनी पिशवीतून प्लेट काढून टेबलावर ठेवली. पाण्याची रांग पिवळी, टॉनिकची जांभळी, आणि पेशी कुठेच नाहीत. समजवायला चार वाक्यंही लागली नाहीत. अधिकाऱ्यांनी प्लेट खिडकीकडे धरली आणि जांभई विसरले. मग टॉनिकवाल्याकडे वळून विचारलं, या रिपोर्टशिवाय तुमच्याकडे दुसरं काय आहे? त्याच्याकडे होती खूश गिऱ्हाइकांची पत्रं. अधिकारी म्हणाले, पत्रं यकृताची आहेत की माणसांची? मग निकाल दिला. दुसरा धड पुरावा येईपर्यंत विक्री बंद, दुकानांतला माल परत.

मी हरले असं समजून बसले होते. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की जिंकलेय. 'विषारी' म्हटलं असतं तर त्याचा वकील वर्षभर पुरावा मागत बसला असता. 'माहीत नाही'पुढे त्याला बोलायलाच काही उरलं नाही. हे मी बाईंना मात्र कधी सांगितलं नाही. आधीच त्यांचा तोरा काय कमी आहे?

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. मग पर्समधून बाटली काढली, पत्रक उघडून ती सही बघितली आणि थांब्यावर उतरताना दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"तू सांगितलंस म्हणून नाही हं," ती म्हणाली. "त्या बाईला इतकं शिकून माहीत नाही, तर मी कशाच्या भरवशावर पिऊ?"

यकृतबाईंचा चार्ज गेला. खोली धाकट्या बाईंच्या नावावर झाली, पण धाकट्या बाई आधी थोरल्या बाईंच्या स्टुलाकडे बघतात आणि मग कपाट उघडतात. प्रत्येक प्लेटला आता रिकामी रांग असते. आकडे थोडे नाचतात. बाई त्यांना शिव्या घालतात आणि जसे आहेत तसे लिहितात. दुसऱ्या लॅबवाले हल्ली बघायला येत नाहीत.

महिन्याभराने वहिनीचं रक्त पुन्हा तपासलं. सूज उतरली होती, डोळे पांढरे झाले होते. मी कागद घेऊन धावतच लॅबमध्ये गेले. म्हटलं, घ्या, आता तरी म्हणा विषारी. बाईंनी कागद वाचला. बरं वाटलं त्यांना, ते मास्कमधूनही दिसलं. पण म्हणाल्या काय?

"एक वहिनी म्हणजे पुरावा नाही. टॉनिक सोडलं ते सोडलंच, पण चहाही सोडला होता ना? तळलेलं? नवऱ्याशी बोलणं? मग सूज यातल्या कशाने उतरली ते तुम्ही कसं सांगता?"

मी तणतणत घरी आले आणि वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. ती भजी तळत होती, कढईशेजारी चहाचा कप. ती हसली नाही, गंभीरपणे विचार करून बोलली.

"त्यांना सांग, चहा आणि तळलेलं पुन्हा सुरू केलंय. नवऱ्याशी बोलणं मात्र अजून बंदच ठेवते. गुण कशाने आला ते नीट कळलं पाहिजे."